सरोजिनीबाईंचा आवाज कुणी ऐकला?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या एका माध्यमिक शाळेत मी सत्तावीस वर्षं कारकुनी करतोय. गावाचं नाव सांगत नाही; सांगितलं की लोक माणसं जुळवत बसतात. शाळेच्या कारकुनाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात, त्यामुळे आनंद हे माझं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलंय. जन्मदाखल्यावर खाडाखोड दिसली की मी आधी बापाचा चेहरा बघतो. एकाच आजोबांच्या तेराव्याला तीन वेळा रजा घेतलेले एक शिक्षक मी पकडले होते. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि मला त्याचं काही वाटत नाही. आमची सौ. म्हणते, "तुम्ही दूधसुद्धा वास घेतल्याशिवाय पीत नाही." खरं आहे. लहानपणी एकदा नासकं प्यायलोय.

सरोजिनीबाई आमच्याकडे संगीत शिकवायला आल्या त्याला आता तीन वर्षं होतील. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतील तेवढंच मानधन. सुट्टी पडली की काही नाही. चाळिशीच्या, उंच, खांद्याला कापडी पिशवी. सासर इंदापूरला, नवरा तिथल्याच एका दूध डेअरीत कामाला. माहेर नरसिंहपूरचं, अगदी संगमाजवळचं. वडील रावजी नदीकाठच्या रानात वांगी-गवार पिकवायचे आणि संध्याकाळी देवळातल्या भजनात टाळ धरायचे. हे सगळं बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, कारण मी विचारलं. मी सगळ्यांनाच विचारतो.

दोन गोष्टी मला तेव्हाच खटकल्या. एक म्हणजे गळ्याभोवतीचा सुती रुमाल. जूनची दुपार, पत्र्याखाली बसलेला माणूस उकडून निघत होता, आणि बाईंच्या गळ्याला रुमाल. दुसरी गोष्ट आवाज. घोगरा, फाटका, पुढच्या टेबलापर्यंतही नीट न पोचणारा.

"घसा बसलाय का?" मी विचारलं.

"हो, जरा," त्या म्हणाल्या.

ठीक आहे, बसतो माणसाचा घसा. पण तो दिवाळीलाही बसलेलाच होता, संक्रांतीलाही बसलेलाच होता आणि पुढच्या जूनलाही. रुमालही तिथंच. दोन वर्षं बसलेला घसा मी तरी कुठं पाहिला नव्हता.

संगीत विशारदचं त्यांचं प्रमाणपत्र मी मूळ कागदाशी ताडून बघितलं होतंच. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेला पडताळणीचं पत्र पाठवलं. महिन्याभरात उत्तर आलं: प्रमाणपत्र खरं, श्रेणी पहिली. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मी म्हटलं, प्रमाणपत्र खरं असेल, माणसाचं काय?

आता परिपाठाचं सांगतो, कारण सगळं तिथंच सुरू झालं. रोज सकाळी मुलं मैदानात वर्गवार उभी राहतात. शिक्षक व्हरांड्यात ओळीनं, मुलांकडे तोंड करून. मी आणि शिपाई गेणबा कार्यालयाच्या पायरीवर, बाजूला. राष्ट्रगीत होतं, प्रतिज्ञा होते आणि शेवटी शाळेची प्रार्थना. ती एका जुन्या हेडमास्तरांनी रचलेली आहे, साधी, चार कडव्यांची. बाई शिक्षकांच्याच ओळीत बसून पेटीवर एक सूर धरायच्या आणि बोट वर करून एखाद्या मुलाकडे दाखवायच्या. ज्याच्याकडे बोट, त्यानं पहिली ओळ म्हणायची. रोज नवं पोर.

मुलांना बाई समोरून दिसायच्या, पण पेटीच्या वर जेमतेम डोकं. शिक्षकांना त्या दिसायच्याच नाहीत, कारण सगळे एका ओळीत. आडव्या बाजूनं दिसायच्या फक्त आम्हा पायरीवरच्या दोघांना. त्यातला गेणबा परिपाठात डोळे मिटून उभा राहतो. राहिलो मी.

आणि मी बघितलं की बाई गात नव्हत्या. ओठ हलत होते, शब्दाला शब्द बरोबर हलत होते, पण गळ्याची शीर ताणली जात नव्हती, छाती भरत नव्हती. नुसते ओठ.

हे मला एवढं बारीक कसं कळलं, असं कुणी विचारेल. सांगतो. चौथीत असताना आमच्या शाळेत तपासणीला साहेब येणार होते. गुरुजींनी आठवडाभर स्वागतगीत बसवून घेतलं. शेवटच्या दिवशी ते ओळीतून कान लावत फिरले, माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "आनंद, तू गाऊ नकोस. नुसते ओठ हलव." मारलं नाही, ओरडले नाहीत. पोरं हसली तेवढंच. मी ओठ हलवले. साहेबांनी गाण्याचं कौतुक केलं.

त्यानंतर मी कधीच गायलो नाही. गणपतीच्या आरतीला ओठ हलवतो. राष्ट्रगीताला ओठ हलवतो. माझी मुलगी तान्ही असताना रडायला लागली की मी तिला नुसतं थोपटायचो, सौ. म्हणायची, काहीतरी गुणगुणा की, मी म्हणायचो, मला झोप येतेय. म्हणून सांगतो, ओठ हलवणारा माणूस मला शंभरात ओळखू येतो.

गेणबाला विचारलं, "बाईंचा गाण्याचा आवाज ऐकलास का रे कधी?"

त्यानं झाडू थांबवला. "आता तुमी इचारलं म्हणून ध्यानात आलं, भाऊसाहेब. न्हाय बा. पोरंच गात्यात. बाई निस्ती पेटी वाजवत्यात न् हात करत्यात."

"स्नेहसंमेलनात?"

"तितं बी पोरंच. का वं? काय भानगड हाय का?"

"काही नाही. झाड तू."

गाता न येणारी संगीत शिक्षिका! मला आतून एक आनंद झाला, तो कबूल केला पाहिजे. चोर सापडल्याचा. पण पुरावा हवा होता. फेब्रुवारीतल्या एका दुपारी सातवीचा संगीताचा तास होता, तेव्हा मी हातात फाईल घेऊन प्रयोगशाळेच्या मागं गेलो. मोडक्या बाकांची खोली होती, तीच बाईंना दिलेली. खिडकीचं एक तावदान फुटकं. मी तिथं उभा राहिलो, कुणी आलंच तर भिंतीची ओल बघतोय असं सांगणार होतो.

पोरं जमिनीवर गोल बसली होती. बाईंनी पेटीचा एक सूर धरला आणि बोट केलं मोहितकडे. हा मोहित म्हणजे सांगवीहून येणारा एक धिप्पाड पोरगा, वर्गात कुणी नाव विचारलं तरी घाम फुटणारा. त्यानं पहिली ओळ म्हटली. मला सुरातलं कळत नाही, पण पेटी एकीकडे आणि पोरगा दुसरीकडे, एवढं कुणालाही कळलं असतं. मी आत हसलो. आता बाईंना गाऊन दाखवावंच लागणार, असं वाटलं.

बाईंनी पेटी थांबवली. कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं पोरं हसतील, मी त्या हसण्याची वाट बघत होतो. बाई त्या फाटक्या आवाजात म्हणाल्या, "धरा त्याला."

आणि सगळा वर्ग मोहितच्या सुरात गेला. तो जिथं चुकला होता तिथं. त्याच्या शेजारी श्रिया बसली होती, शाळेतला सगळ्यात गोड गळा; तीसुद्धा खाली आली आणि त्याच चुकीच्या जागेवरून ओळ म्हणू लागली. बाईंनी पेटीवर तो सूर शोधून काढला, सगळ्यांना तिथं दोनदा म्हणायला लावलं. मग पुढची पट्टी दाबली. पोरं एक पायरी वर आली, मोहितला घेऊन. मग आणखी एक. पाचसात मिनिटांत सगळे मूळ सुरावर होते आणि मोहित त्यांच्यात होता. त्याला बहुतेक कळलंही नाही की आपण केव्हा वर आलो. तो मोठ्यानं गात होता, गळ्याच्या शिरा ताणून.

मी फाईल घेऊन परत आलो आणि टेबलाशी बसलो. तुम्ही म्हणाल, भाऊसाहेबांचं मन पाघळलं असेल. छे. मला राग आला. माझ्यापाशी गुरुजी थांबले होते तेव्हा 'धरा त्याला' म्हणणारं कुणी नव्हतं. मला जे मिळालं नाही ते ह्या पोराला बसल्या जागी मिळत होतं, आणि देणारी बाई स्वतःच ओठ हलवणारी. हे मला सहन झालं नाही. त्या दिवशी मी त्याला कर्तव्य म्हटलं, पण तो हेवा होता.

आमच्याकडे कुणाचं वाईट करायचं तर समोर जाऊन भांडत नाहीत, निनावी अर्ज करतात. मी सत्तावीस वर्षांत असे किती अर्ज हाताळले त्याला गणती नाही. शाई, घडी, भाषा बघून मी लिहिणारा ओळखतो. म्हणून माझा अर्ज मी फार जपून लिहिला. बारामतीत एका टायपिंगच्या दुकानात जाऊन टाइप करून घेतला, मुद्दाम दोन चुका ठेवल्या. 'संगीत शिक्षिकेस गाता येत नाही. परिपाठात त्या फक्त ओठ हलवतात, आवाज निघत नाही. दोन वर्षांत त्यांचे गाणे कोणीही ऐकलेले नाही. मुलांची फसवणूक थांबवावी.' खाली, 'एक जागरूक पालक'. पोस्टात टाकला. तिसऱ्या दिवशी तो शाळेत आला. मीच पाकीट फोडलं, मीच शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"कोण असेल हो हा पालक?" हेडमास्तरांनी विचारलं.

"काय सांगावं सर, लोकांना उद्योग नसतात," मी म्हणालो.

अर्ज नेमक्या वेळेला पडला होता. एप्रिलच्या बैठकीत संस्था ठरवणार होती की बाईंना पूर्णवेळ घ्यायचं की तासिकाही बंद करायची. गणिताचे सर दोन वर्षांपासून त्या तासांवर डोळा ठेवून होते. दहावीचा निकाल वाढवायचा तर तास हवेत, हे त्यांचं पालुपद. अध्यक्ष आबाजी तात्या, पेरूची मोठी बाग असलेले, माणूस सरळ. शाळेच्या चार खोल्या त्यांनीच बांधून दिल्यात. त्यांचा कल बाईंकडे होता, कारण स्नेहसंमेलनात त्यांची नात गायली होती. पण अर्ज वाचून ते विचारात पडले.

बैठकीला बाईंना बोलावलं. इतिवृत्त लिहायला मी होतोच, कोपऱ्यात, मान खाली घालून.

तात्या म्हणाले, "बाई, राग मानू नगा. असा असा अर्ज आलाय. आमाला त्यातलं कळत न्हाय. तुमी एक कडवं म्हणून दाखवा, म्हंजे इषय मिटला."

बाईंनी अर्ज मागून घेतला. वाचला, पुन्हा एकदा वाचला. मग गळ्याचा रुमाल सोडला आणि घडी करून टेबलावर ठेवला. गळ्यावर आडवा व्रण होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "गळ्यात गाठ होती, काढावी लागली. आवाजाच्या नसेला धक्का बसू शकतो असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, मी सही करून दिली होती. गाठ गेली आणि आवाजही गेला. बोलता येतं एवढंच." पिशवीतून दवाखान्याचे कागद काढून त्यांनी पुढे सरकवले. "लपवलं, हे खरं आहे. सांगितलं असतं तर तुम्ही मला घेतलं नसतं. गाणं गेलं, शिकवणं तेवढं राहिलं होतं माझ्याकडे."

तात्यांनी कागद उलटेपालटे केले. "बाई, तुमच्यावर आलं ते वाईट आलं," ते म्हणाले. "पण मला सांगा, ज्या झाडाला फळ धरत न्हाय त्या झाडाची कलमं कोण नेतं का? उद्या पालकांनी आमाला इचारलं तर काय सांगू?"

"मुलांना विचारा," बाई म्हणाल्या.

"पोरांला काय कळतंय वं!"

मला कळत होतं. त्या खोलीत मी एकटाच होतो ज्यानं फुटक्या तावदानातून ते बघितलं होतं. फळ कुणाला धरलंय ते मी सांगू शकत होतो. दोन वाक्यं पुरली असती. मी लिहीत राहिलो. 'सर्वानुमते ठरले की पुढील वर्षापासून संगीताच्या तासिका गणित विषयास देण्यात याव्यात.' अक्षर माझं, वळणदार.

शेवटच्या दिवशी बाई पेटी, तबला, टाळांच्या जोड्या आणि खोलीची किल्ली माझ्या ताब्यात द्यायला आल्या. यादीवर सही केली. मी यादी ताडून बघत होतो. एवढं झाल्यावरही मी टाळ तपासत होतो, हे लक्षात घ्या.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "पालक परिपाठाला येत नाहीत. गेटच्या आतच येत नाहीत."

मी टाळांच्या जोड्या पुन्हा मोजायला घेतल्या.

"ओठ हलतात पण आवाज निघत नाही, हे पायरीवरूनच दिसतं."

मला काहीतरी बोलायचं होतं. गेणबाचं नाव पुढे करावं, असाही विचार क्षणभर मनात आला. इतका नीच विचार.

"मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुम्ही पण गात नाही. मला वाटलं, चला, शाळेत आपल्यासारखं आणखी एक माणूस आहे. एकदा विचारणार होते तुम्हाला, तुमचा आवाज कुठं गेला म्हणून. मग वाटलं, माणसाचं असतं काहीतरी. मी अर्ज नाही केला."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि त्या इंदापूरची एसटी धरायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी आबाजी तात्यांच्या बागेत गेलो. बायका झाडावरच्या पेरूंना फोमच्या जाळ्या आणि पिशव्या चढवत होत्या. तात्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "तात्या, तो अर्ज मी केला होता."

तात्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी? आन् का वं?"

"चुकलं माझं. परत घेतो. लिहून देतो."

"अर्जात लिव्हलेलं खोटं हाय का?"

"खोटं नाही."

"मग परत काय घेता? खरंच हाय न्हवं ते!" तात्या म्हणाले. मी वर्गाचं सांगितलं, मोहितचं सांगितलं, 'धरा त्याला' सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "हे बैठकीत का न्हाय बोललासा? आता ठराव झाला, भाऊसाहेब. तुमीच लिव्हला." एक पिकलेला पेरू माझ्या हातात दिला आणि ते मजुरांकडे गेले. तो पेरू मी खाल्ला नाही, पण टाकलाही नाही. घरी फ्रीजमध्ये सुकून गेला.

जूनला शाळा भरली. पेटी नाही, बोट नाही. हेडमास्तरांनी स्पीकर आणला, भोंग्याएवढा मोठा. प्रार्थना कुठल्याशा स्टुडिओत चांगल्या गळ्यांकडून म्हणून घेतली होती, ती रोज लागायची. आवाज थेट सडकेपर्यंत. पाहुणे खूश, हेडमास्तर खूश. बारामतीचे एक अधिकारी तर म्हणाले, "काय सुरेल शाळा आहे!"

मी पायरीवरून बघत होतो. पहिल्या आठवड्यात मुलं स्पीकरबरोबर गात होती. स्पीकरचे गळे इतके पक्के की चुकलेला आवाज लगेच उघडा पडायचा, मग शेजारचा पोरगा हसायचा. हसू नये असा नियम सांगणारं कुणी उरलं नव्हतं. जुलै लागेपर्यंत मागच्या ओळी गप्प झाल्या. स्पीकर गात होता, पोरं ओठ हलवत होती. मला ते ओळखू येतंच. एका सोमवारी आठवीच्या ओळीत मोहितकडे नजर गेली. ओठ बरोबर हलत होते, शब्दाला शब्द. गळ्याची शीर सैल.

त्या दिवशी माझ्याकडून एकही काम धड झालं नाही. दाखल्यावर तारीख चुकवली, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद होती. आमच्याकडे गुरुवारी जातेच. राष्ट्रगीत कसंबसं झालं, शिक्षकांनी रेटलं. प्रतिज्ञा झाली. प्रार्थनेची वेळ आली आणि मैदान गप्प. कुणी सुरू करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलं व्हरांड्यातल्या पेटीच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. हेडमास्तरांनी घड्याळ बघितलं आणि हात वर केला, आता 'विश्राम' म्हणणार.

मी सुरू केलं.

ठरवून नाही. तोंड उघडलं आणि पहिली ओळ बाहेर आली. पंचेचाळीस वर्षांनी स्वतःचा आवाज ऐकला. गंजलेल्या रहाटासारखा होता. कुठली पट्टी, कुठला सूर, काही नाही. गेणबानं डोळे उघडले. गणिताचे सर तोंडावर रुमाल धरून वळले. सातवीकडून खसखस पिकली. मला चौथीतलं हसू ऐकू आलं, तेच, जसंच्या तसं. ओळ संपली आणि मी दुसरी धरली, कारण थांबलो असतो तर मेलो असतो.

दुसऱ्या ओळीच्या मध्यावर आठवीतून एक जाडा आवाज आला. मोहित. तो माझ्या सुरात होता. ती जागा त्याच्या ओळखीची होती ना! त्यानं मला धरलं. मग श्रिया खाली आली, मग आठवीची पूर्ण ओळ, मग नववी. ज्यांना बाईंनी शिकवलं होतं ती सगळी पोरं माझ्या चुकीच्या जागेवर आली आणि तिथून प्रार्थना म्हणू लागली. तिसऱ्या कडव्याला श्रियानं एक पायरी वर नेलं. मला त्यातलं कळत नाही, पण आपण उचलले जातोय एवढं कळलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलं नाही.

दुपारच्या सुट्टीत मी बाईंना फोन लावला. नंबर त्यांच्या नोकरीच्या अर्जावर होताच. म्हटलं, बोलणार नाहीत. पण त्यांनी स्पीकरपासून सगळं ऐकून घेतलं.

"कुणी धरलं?" त्यांनी विचारलं.

"मोहितनं. सगळ्यात आधी."

मग त्याच फाटक्या आवाजात त्यांनी विचारलं, "तास कोण घेतंय?"

"गणिताचे सर."

"बरं." मग त्या म्हणाल्या, "उद्या वीज असेल ना?"

"असेल," मी म्हणालो, आणि त्यांनी काय विचारलं ते मला फोन ठेवल्यावर कळलं.

बाईंना परत आणणं माझ्या हातात नाही. मी दर बैठकीला विषय टाकतो, तात्या 'बघू' म्हणतात, आणि त्या 'बघू'वर माझा काडीचा विश्वास नाही. पण शाळेचं कपाट माझ्या ताब्यात आहे. शुक्रवारी सकाळी हेडमास्तरांच्या टेबलावर एक अर्ज होता: 'परिपाठाचा स्पीकर नादुरुस्त आहे. दुरुस्ती होईपर्यंत वापरता येणार नाही.' मीच लिहिला, मीच आवक क्रमांक टाकला. या वेळी खाली सही केली, पूर्ण नावानिशी. स्पीकर कपाटात आहे आणि किल्ली माझ्या खिशात. दुरुस्ती कधी होईल, असं हेडमास्तर अधूनमधून विचारतात. मी म्हणतो, आजकाल माणसं मिळत नाहीत, सर.